आईच्या खोलीचं तापमान

आमच्या सोसायटीत समुद्रवाल्यांचा थाट फार. हवामान, महासागर आणि बदलतं वातावरण यांचा अभ्यास करणाऱ्यांची ही सोसायटी. वर्षातून एकदा तिची परिषद भरते, दर वेळी वेगळ्या शहरात, आणि ते शहर बहुतेक वेळा किनाऱ्यावरचंच असतं. सकाळची सत्रं, मोठं सभागृह, समोर जागे असलेले श्रोते, हे सगळं समुद्रवाल्यांना. आम्ही जमिनीवरची माणसं जेवणानंतर, जेव्हा अर्धा हॉल पेंगत असतो. मी जबलपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि सोसायटीच्या जबलपूर शाखेची सेक्रेटरी आहे. शाखा म्हणजे आम्ही मूठभर लोक, त्यातले निम्मे रिटायर. कितीतरी वर्षं मी त्या परिषदांना जात होते, आणि दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांचीच नव्याने आमटी करून वाढत होते. एकदा चहाच्या रांगेत एका बड्या माणसाने माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचं गावाचं नाव वाचलं आणि विचारलं, "जबलपूर? तुम्ही स्वतःचं काही मोजता की नाही तिकडे?" तो सहज बोलला असेल. मला मात्र ते असं झोंबलं की परतीच्या गाडीत इटारसी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते.

म्हणून मागच्या परिषदेच्या समारोपात पुढचं ठिकाण जबलपूर म्हणून जाहीर झालं, तेव्हा मी हरखून गेले. यजमान शाखेला पहिल्या दिवशी सकाळी मोठ्या सभागृहात स्वतःचं काम मांडायला मिळतं, अशी आमच्याकडची रीत आहे. जेवणानंतर नाही, सकाळी. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की यंदा मी स्वतः मोजलेलं दाखवणार, कोणाचं उसनं नाही.

काय मोजायचं तेही डोक्यात होतं. सरकारी थर्मामीटर मोकळ्या मैदानात, गवतावर, पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत सुखाने टांगलेला असतो. त्याच्यावरून पेपरात येतं, आज जबलपूरचं तापमान अमुक. पण माणूस काय पेटीत राहतो? माणूस राहतो जबलपूरच्या गढा भागासारख्या दाट वस्तीत, घराला घर चिकटलेलं, वर स्लॅब, आणि तो स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्रभर खाली ओकत असतो. मी गढ्यातल्या काही घरांत काडेपेटीएवढ्या डब्या लावल्या. खोलीतलं तापमान आणि हवेतला ओलावा डबी मोजते आणि माझ्या मोबाइलवर पाठवते. आठवडाभरात माझ्या हौसेची वाट लागली. एका घरी पोरांनी डबी फ्रिजमध्ये ठेवून बघितली. एका घरी ती चुलीच्या वर खिळ्याला टांगली, कारण तिथे छान दिसते. एकाने तर मलाच विचारलं, "दीदी, इसमें कैमरा तो नहीं है?" एप्रिल उजाडेपर्यंत भरवशाचं एकच घर उरलं. आईचं.

आई गढ्यातच राहते, बाबांनी बांधलेल्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. खाली भाडेकरू आहेत, त्यातल्या बाईंना मी भाभी म्हणते. माझ्या फ्लॅटवर ये म्हटलं तर आई म्हणते, जावयाच्या घरी पाहुणीसारखी चार दिवस बरी. बाबा फॅक्टरीत तपासणीच्या सेक्शनला होते. माल पास होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, हे आईने जन्मभर ऐकलेलं. त्यामुळे डबी कपाटाच्या बाजूला लावली त्या दिवसापासून ती तिला देव्हाऱ्यासारखी जपायला लागली. झाडतानासुद्धा तिकडून फडकं फिरवायची नाही.

दर एप्रिलला मी आईचा कूलर काढून देते. मिस्त्री बोलावून जाळ्यांतली खस, म्हणजे वाळा, बदलायची, पंप बघायचा, खिडकीत बसवायचा. यंदा मी गेले आणि म्हणाले, "आई, यंदा कूलर नको लावू. थोडे दिवस. रीडिंग बिघडते."

"अच्छा. पंखा चालते?"

"पंखा चालते."

"मग झालं. आम्ही काय कूलरमध्ये जन्मलो का?"

कूलर खोलीतच कोपऱ्यात होता. तिने त्याच्यावर जुनी चादर घातली आणि चादरीवर घड्या करायचे कपडे ठेवायला लागली. पंच्याहत्तरीच्या बाईला मी हे सांगत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आनंद झाला, की एक तरी माणूस नियम पाळणारं मिळालं.

माझ्या लॅबला एसी आहे. तो यंत्रांसाठी आहे, पण आम्हीही तिथेच बसतो. मे महिना लागला तशी मी तिथे बसून मोबाइलवर आईच्या खोलीची रेघ बघायला लागले. दुपारी रेघ चाळिशीच्या वर जायची आणि संध्याकाळी बाहेर हवा जरा निवली तरी खोलीतली रेघ खाली यायलाच तयार नसायची. रात्रभर तशीच. मला जे दाखवायचं होतं ते हेच होतं. बाहेर गार होतं, पेपरात कमी तापमान छापून येतं, आणि खोलीतलं माणूस शिजत असतं. ती रेघ बघून मी खूश व्हायचे. आज लिहिताना हात थांबतो, पण खोटं कशाला बोलू, मी खूश व्हायचे. त्या खोलीत कोण आहे हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे.

एका दुपारी ओलाव्याची रेघ अचानक वर उडाली आणि तापमानाची खाली वळली. मी लगेच फोन लावला.

"आई, फरशीवर पाणी मारलं का?"

पलीकडे बादली सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "थोडंसंच मारलं वं. पाय जळून राहिले होते."

"किती वेळा सांगितलं तुला? अशानं सगळं खराब होते."

"तुले तिथून कसं कळते पण?"

"कळते. नको मारत जाऊ."

"बरं. नाही मारत."

आणि नाही मारलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी गारव्यात बसून माझ्या म्हाताऱ्या आईला तळपाय भिजवायची मनाई केली, आणि फोन ठेवून चहा मागवला. या एका फोनची मला जेवढी शरम वाटते तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही.

बुद्ध पौर्णिमेला विहारातल्या वंदनेनंतर बायका खीर खायला आईकडे आल्या. दरवर्षी येतात. मीही होते. खोलीत दहा-बारा जणी, पंखा गरम वारा फेकतोय, सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या पाठीला चिकटलेल्या. एक मावशी उठली, चादर ओढत म्हणाली, "कूलर असून काहून झाकून ठेवला बाई?" आईने तिचा हात धरला. "हात नको लावू. सायन्स चालू आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले. आईने अभिमानाने माझ्याकडे बघितलं, की बघा, माझी पोरगी काय काय करते. जाताना खालच्या भाभीने मला जिन्यात थांबवलं. "दीदी, अम्मा जी आजकल खाना छोड़ देती हैं। कूलर लगा दो न।" मी म्हणाले, बस, नवतपा होऊन जाऊ दे, मग लावते. नवतपा म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात भाजून काढणारे दिवस. त्या दिवसांची रेघ हाती लागली की माझं काम पुरं होणार होतं. भाभीचा चेहरा बघून मला तिचा रागच आला. हिला काय कळतं, असं वाटलं.

नवतपा सुरू झाला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मुलांची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. दुपारी मी मोबाइल बघितला आणि ओलाव्याची रेघ वर चढलेली दिसली. मारलं हिने पुन्हा पाणी, मी म्हटलं. ऐन नवतप्यात. मला राग यायला वेळ लागत नाही, तो नाकाच्या शेंड्यावर असतो. फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही. ओरडा खावा लागेल म्हणून उचलत नाही, असं मी धरून चालले. परीक्षा चालू होती. मी मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला आणि मुलांची तोंडी घ्यायला गेले.

पाणी मारलं नव्हतं. आई माठातून पाणी घ्यायला उठली, भोवळ आली आणि माठासकट खाली पडली. माठातलं सगळं पाणी फरशीवर पसरलं आणि ते माझ्या डबीने इमाने इतबारे मोजून मला कळवलं. भाभी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जाताना दारातून डोकावली, तेव्हा तिला आई दिसली. मी ड्रॉवर उघडला तेव्हा भाभीचे फोन येऊन पडले होते आणि ती आईला घेऊन दवाखान्यात पोचलीही होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कितने बजे गिरीं?" भाभीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी वेळ सांगितली, अगदी मिनिटासकट. "आप घर पर थीं?" नाही म्हटलं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि कागदावर लिहून घेतलं. भाभीनेही माझ्याकडे बघितलं.

आईला उन्हाचा झटका बसला होता आणि किडनीला मार लागला होता. दोन दिवस तिला मी कोण ते कळत नव्हतं. मग कळायला लागलं. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, घर में कूलर नहीं है?"

"है ना," आई म्हणाली. "बिल बहुत आता है, इसलिए बंद रखा था।"

डॉक्टर तिलाच रागावले. बिलाच्या मागे जीव घालवाल का, या वयात एवढी कंजुषी कशाला, मुलं कमावती आहेत ना. आई मान हलवत ऐकत होती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, तोंडात मूग गिळून. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले तेव्हा आई मला म्हणाली, "त्यायले काय समजावत बसायचं." मला वाटलं तिथल्या तिथे रडावं. पण रडले असते तर तिनेच माझी समजूत घातली असती, आणि तेवढं घ्यायचा माझा हक्क नव्हता.

आणि आता सांगण्यात सगळ्यात कठीण. त्या दिवसांत गढ्यातली खोली बंद होती, नवतपा चालूच होता, आणि डबी भिंतीवर होती. ती काढायचं मला सुचलं नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं. सुचलं होतं. कूलरही मी आई घरी यायच्या आदल्या दिवशीच लावला, त्याच्या आधी नाही. वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून मी मोबाइल काढायचे, आणि रेघ सलग आहे हे बघून परत ठेवायचे.

आई वाचली. पण पहिल्यासारखी राहिली नाही. पाणी मापून प्यायचं, मीठ जवळपास बंद, महिन्याला रक्त तपासायचं. जिना चढताना मध्ये थांबते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, की पुन्हा असं काही झालं तर किडन्यांना झेपणार नाही. ऑगस्टमध्ये परिषदेसाठी शोधनिबंधाचा सारांश पाठवायची वेळ आली तेव्हा मी ठरवलं, नाही पाठवायचा. यजमान शाखेचं व्याख्यान दुसऱ्या कोणाला तरी द्यावं. आईला सांगितलं तर ती चिडली. ती सहसा चिडत नाही.

"काहून नाही पाठवत?"

"नाही आई. असं नाही चालत."

"मग मी उगाचच उकडली का?" ती म्हणाली. "माझ्याच्यानं तुझं काम बंद पडलं, असं लोकांनी म्हणावं का? पाठव ते."

मी पाठवला. तिने सांगितलं म्हणून पाठवला, असं मी स्वतःला सांगते. पण तिने सांगितल्यावर मला जे हायसं वाटलं ते मी विसरलेले नाही.

डिसेंबरात परिषद भरली. देशभरातून माणसं आली, थंडीत खव्याची जलेबी खाऊन खूश झाली, दुपारी भेडाघाटला जायची बस कधी सुटणार ते सारखं विचारत राहिली. आईला मी नको म्हटलं होतं, ती तरी आली. नवरा तिला घेऊन आला. मोरपंखी साडी, वर शाल. आमच्या शाखेच्या एका बाईंनी तिच्या गळ्यातही बिल्ला घातला. ती चौथ्या रांगेत कडेला बसली.

मी बोलले. इंग्रजीत, दिलेल्या वेळेत. पडद्यावर आईच्या खोलीची रेघ मोठी होऊन आली, एप्रिलपासून मेअखेरपर्यंत, कुठे तुटलेली नाही. आई पडली त्या दिवसापासून पुढे मी खाली बारीक अक्षरात 'घर रिकामे' असं लिहिलं होतं. ते कोणी वाचलं नसावं. सत्राचे अध्यक्ष समुद्रवाले होते, वयस्कर, नावाजलेले, स्वभावाने गोड. ते म्हणाले, इतकी अखंड नोंद घराच्या आतली त्यांनी क्वचितच पाहिली आहे. एका उन्हाळ्यावर थांबू नका, निदान दोन-तीन उन्हाळे हवेत. मग विचारलं, "पण घरातल्यांनी कूलर लावला नाही, याची खात्री तुम्ही कशी केली?"

मी म्हणाले, "ती माझ्या आईची खोली आहे. मीच तिला कूलर लावू नको म्हणाले होते."

पुढचं वाक्य, की त्यापायी ती त्याच खोलीत कोसळली, माझ्या तोंडात तयार होतं. ते मी रात्र रात्र घोकलं होतं, मे संपल्यापासून. पण हॉलमध्ये हशा पिकला. वाईट नव्हता तो हशा, कौतुकाचा होता. अध्यक्षांनी विचारलं, आई इथे आहेत का? कोणीतरी चौथ्या रांगेकडे बोट दाखवलं. आई गोंधळली, नवऱ्याने कानात काहीतरी सांगितलं, आणि ती खुर्चीचा हात धरून सावकाश उभी राहिली. तिने सगळ्यांना हात जोडले. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. वेळ संपल्याची घंटी वाजली. माइक माझ्या हातातच होता, अजून बोलता आलं असतं. मी तो पुढच्या वक्त्याला दिला.

जेवताना अध्यक्ष ताट घेऊन मुद्दाम आईजवळ आले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. "माताजी, आपने तो विज्ञान की बड़ी सेवा की," ते म्हणाले. "बस, एक-दो गर्मियाँ और मदद कर दीजिए।" आई लाजली. "जी, क्यों नहीं," म्हणाली. तिच्या ताटात बिनमिठाची पोळी होती, घरून आणलेली.

संध्याकाळी मी तिला ई-रिक्षाने गढ्याला सोडायला निघाले. बिल्ला तिने काढला नव्हता. तो बोटांनी सरळ करत म्हणाली, "ते साहेब म्हणून राहिले होते, एका वर्षाचं पुरत नाही."

"ते बोलतातच."

"पण खरं आहे का?"

खरं होतं. मीच वर्गात शिकवते, एका उन्हाळ्यावरून काही सिद्ध होत नाही. "हो," मी म्हणाले.

"मग येत्या उन्हाळ्यातही कूलर नको ना लावू?"

मी काय म्हणायला हवं होतं हे शेंबडं पोरही सांगेल. आणि माझ्या मनात काय आलं, तर नवतप्याचे ते दिवस घर रिकामं होतं, या वेळी ती जागा भरून निघेल. डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ ते आलं आणि गेलं. पण आई माझ्याकडेच बघत होती. माझा चेहरा तिला पहिल्यापासून वाचता येतो.

"नाही," मी म्हणाले. "लावायचा. मार्चमध्येच लावून देते मी."

"बरं," ती म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन थोपटला. "पण आत्ताच काहून ठरवते बाई? उन्हाळ्याला वेळ आहे अजून. सांगशील मंग."